चार माणसांचं गरम पाणी

हीट पंपाचा अंदाज द्यायला आलेल्या माणसाने बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

"चार," माझा भाऊ म्हणाला.

मी समोरच बसले होते. मनात मोजून बघायचीही गरज वाटली नाही. भाऊ, भावजय, भाचा आणि मी. झाले की चार.

हे घर डोंबिवलीतलं. निवासी विभागातलं रो-हाउस, खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या. वरची मागची खोली माझी. माझी म्हणजे कशी, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोलीवरूनच झालं. आमचं मूळ घर ठाण्याला, वर्तकनगरच्या एका कॉलनीत, वडिलांच्या नावावर. तिघा भावंडांत मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. मी लग्न केलं नाही. आई-वडिलांना शेवटपर्यंत मीच पाहिलं, आणि त्यात काही उपकार केले असं मला कधी वाटलं नाही. मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. आई गेल्यावर भाऊ म्हणाला, हे विकू, डोंबिवलीत मोठं घर घेऊ. वरची मागची खोली तुझी. तू आहेस तोवर तुझी. मग मी आणि धाकटीने त्याच्या नावाने हक्कसोडपत्र करून दिलं. बहिणी देतातच. आमच्या ओळखीत न दिलेली बहीण मला एकच आठवते, आणि तिच्या लेकीच्या लग्नाला तिचा एकही भाऊ आला नव्हता.

तर त्या घरात वर तीन बाथरूम, तीन गिझर. बोअरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर बसायचा आणि वर्षा-दीड वर्षात एकेक गिझर मान टाकायचा. सोलर बसवावं म्हटलं तर शेजारी टॉवर उभा राहिला, गच्चीवर ऊन येतं ते दुपारी, तेही चोरून आल्यासारखं. शेवटी भाच्याने कुठेतरी हीट पंपाचं पाहिलं आणि घरात त्याचंच सुरू झालं. गणपती नुकतेच होऊन गेले होते. भाच्याचं लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. त्याआधी घरातलं हे काम उरकायचं होतं.

"ताई, तूच बस त्या माणसासमोर," भाऊ म्हणाला होता. "तू रोज कोटेशनं चिवडतेस. आम्हाला गुंडाळेल तो."

ते खरं आहे. कोलशेतच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. माल विकणारा माणूस समोर आला की मी त्याला एकच गोष्ट विचारते: ह्यात काय नाही ते आधी सांगा. काय आहे ते तो सांगतोच. नसलेलं नंतर बिलात येतं.

आलेला माणूस तिशी-पस्तिशीतला होता. इस्त्रीचा शर्ट, बूट दारात नीट जोडीने काढलेले. त्याने समजावून सांगितलं, हा एसी उलटा लावल्यासारखा असतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढायची आणि पाण्यात सोडायची.

"आणि थंडीत हवेत उष्णता कुठली?" भावजयीने विचारलं.

"डोंबिवलीला कुठली थंडी, मॅडम," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

मग तो कामाचं बोलला. हा गिझरसारखा भडाभडा तापवत नाही. सावकाश तापवतो आणि टाकीत साठवून ठेवतो. म्हणून खरा खर्च टाकीच्या मापावर ठरतो, आणि माप माणसांवर. लहान घेतली आणि रिकामी झाली की पुन्हा भरून तापेपर्यंत दोन-अडीच तास बसून राहायचं. मोठी घेतली तर किंमतही वाढते आणि रोज नको तेवढं पाणी तापत राहतं. "म्हणून विचारलं, माणसं किती. आणि शॉवर की बादली?"

"मुलगा शॉवर," भावजय म्हणाली. "तो एकदा आत गेला की आम्ही विसरून जातो त्याला. बाकी सगळे बादली."

इथे मी तोंड उघडलं. मला अजून आठवतं, बोलताना मला जरा ऐटच वाटत होती. आज लागतं तेवढंच मागायचं नाही, उद्याचं धरायचं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. मी म्हणाले, "तुम्ही पाच धरा. ह्याचं लग्न ठरलंय, दोन महिन्यांत सून येईल. नंतर टाकी बदलता येत नाही ना?"

"नाही नाही," भाऊ म्हणाला. "चारच. तिला धरूनच चार."

तो हे फार सहज म्हणाला. आवाज चढला नाही की अडखळला नाही. इतकं सहज की मला वाटलं, त्याचं मोजण्यात चुकलं. मी पुन्हा मोजलं. भाऊ, भावजय, भाचा, भाच्याची बायको.

भावजयीने बिस्किटांची बशी उचलून पाहुण्यापुढे केली. "घ्या ना. चहा गार होतोय."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला फक्त माप हवं होतं. "मग ताई इथे राहत नाहीत का?"

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. भाऊ टाक्यांचं माहितीपत्रक बघत होता. भावजय चहाच्या कपात बघत होती. भाचा मोबाइलमध्ये होता आणि त्याने मान वर केली नाही, पण त्याचा अंगठा थांबला होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. घरात हे बोलणं झालेलं होतं, बहुधा जेवणाच्या टेबलावर, मी ऑफिसातून यायच्या आधी, आणि बाहेर फाटकाचा आवाज आल्यावर कुणीतरी विषय बदललेला होता. मग कशाचा काढला असेल, भाजीचा की लग्नाच्या हॉलच्या भाड्याचा, हे मी नंतर कितीतरी दिवस आठवत राहिले.

"मी पाहुणी," मी म्हणाले.

हे शब्द माझ्या तोंडून गेले. मला कुणी म्हणायला लावले नाहीत. मी हे लिहितेय ते मुख्यतः त्या दोन शब्दांसाठी.

मग आम्ही सगळे वर गेलो, कारण गरम पाण्याची लाइन कुठून न्यायची ते बघायचं होतं. माझ्या खोलीपाशी तो माणूस थांबला. दार उघडं होतं. पलंगावर माझा सकाळचा टॉवेल होता, खिडकीत आईचं तुळशीचं रोप. "ह्या बाथरूमला पण लाइन टाकायची?"

"हो हो," भावजय म्हणाली. "ह्याला शॉवर बसवायचाय. मुलांची खोली होणार ना ही." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "ताई, तुमचा टॉवेल उचलू का? वास येईल ओला राहिला तर."

"असू दे, मी उचलते," मी म्हणाले आणि उचलला.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला अधिक लाज वाटते. मी ते काम पूर्ण केलं. आणखी दोन ठिकाणांहून दर मागवले. सगळ्यांना तोच प्रश्न विचारला, ह्यात काय नाही ते आधी सांगा. मग कळत गेलं. एकाच्या दरात गरम पाण्याच्या पाइपावरचं आवरण नव्हतं. दुसऱ्याच्या दरात यंत्र गच्चीवर चढवायची मजुरी नव्हती आणि वेगळी वायर ओढायची तर मुळीच नव्हती. खाली लोखंडी स्टँड, भिंती फोडणं, फोडलेल्या टाइल्स परत बसवणं, जड पाण्याने टाकी गंजू नये म्हणून आत बसवतात तो झिजत जाणारा दांडा आणि तो कधी बदलायचा. सगळं धरून आकडा दीड लाखाच्या घरात जात होता. मी घासाघीस करून तो खाली आणला. स्टँड फुकटात पदरात पाडून घेतला. आवरण जाड घेतलं. आणि टाकी? चार माणसांची. मी स्वतःच्या हाताने लिहिलं, माणसं चार.

भाऊ खूश झाला. "ताई, तू नसतीस तर आपण बुडालो असतो," म्हणाला. आणि त्यात खोटेपणा नव्हता. त्याच तोंडाने तो मला घरातून वजा करत होता आणि त्याच तोंडाने, मनापासून, माझं कौतुक करत होता. मला ते जमलं नसतं. मला एका वेळी एकच करता येतं.

त्याला मी काही विचारलं नाही. रोज ऑफिसला जायचे, रोज यायचे. जेवताना तो म्हणायचा, "ताई, लोणचं?" आणि मी डबा पुढे ओढायचे. आमच्या घरात मी कमी बोलणारी म्हणून ओळखली जाते, त्यामुळे कुणाला फरक जाणवला नाही. किंवा जाणवला आणि सोयीचा वाटला.

एक गोष्ट मात्र सारखी वर येत राहिली. वर्तकनगरला लहानपणी आम्ही बादलीत रॉड टाकून पाणी तापवायचो. मी एकदा रॉड चालू असताना पाण्यात हात घातला आणि असा झटका बसला की मोरीतून बाहेर फेकली गेले. तेव्हापासून मी रॉडला घाबरायचे. माझ्याहून धाकटा असलेला हा भाऊ मग माझ्या आंघोळीआधी मोरीच्या दाराशी बसायचा. बटण बंद करायचा, पिन काढून हातात घ्यायचा, आधी आपलं बोट पाण्यात बुडवायचा आणि ओरडायचा, "ताई, ये. मी मेलो नाही." हे त्याने कितीतरी वर्षं केलं. मी कॉलेजला जायला लागले तरी. गच्चीवर ते नवं यंत्र चढवत होते तेव्हा मी खाली अंगणात उभी होते, आणि मला वाटत होतं की ज्या माणसाने माझ्यासाठी पाण्यात बोट घातलं त्याला आता माझ्यासाठी बादलीभर पाणी धरवत नाही. हे कसं होतं? मधे कुठे झालं? मी त्याच घरात होते आणि मला दिसलं नाही.

पण विचारलं नाही, त्याचं कारण केवळ अबोलपणा नव्हता. माझी एक बाजू लंगडी होती.

धाकटी बहीण आंबिवलीला राहते, बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत. हक्कसोड करायचं ठरलं तेव्हा तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं खरं नव्हतं. तिला हिस्सा हवा होता. तिने तो तोंडाने मागितला नाही, पण ठाण्याला दस्त नोंदवायच्या ऑफिसात, बाकावर माझ्या शेजारी बसून तिने विचारलं, "ताई, दादाने खोलीचं लेखी दिलंय ना? तुझं तरी पक्कं आहे ना? तुझं पक्कं असेल तर मी करते सही. मग निदान एक माहेर राहील आपल्याला."

मी भावाकडे लेखी मागितलं होतं. एकदाच. तो म्हणाला होता, "आपल्यात कागद कशाला, ताई?" आणि मी गप्प बसले. आयुष्यभर कुणाच्या तोंडी शब्दावर एक स्क्रूसुद्धा विकत न घेणारी मी. कारण मला भीती वाटली की फार ताणलं तर तो म्हणेल, मग राहू दे, विकायला नको, आणि बायको-मुलाला घेऊन वेगळा राहायला जाईल, आणि मी वर्तकनगरच्या त्या रिकाम्या घरात एकटी उरेन. मला ती खोली हवी होती. खोली म्हणजे माणसं. खालून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज.

म्हणून मी बहिणीला म्हणाले, "हो. लेखी दिलंय."

तिने सही केली. कॅमेऱ्यापुढे बसली, अंगठा दिला. आत जाताना म्हणाली, "माझा फोटो बघ कसा येईल, रेशनकार्डातल्यासारखा." मी हसले.

तेव्हा, भावाने मला फसवलं, हे मी म्हणू शकत होते. पण त्याच्या शब्दाला मी जामीन राहिले होते, तेही खोटं बोलून. त्याला जाब विचारला असता तर ते बहिणीपर्यंत गेलं असतं. मी दोन्हीकडून अडकले होते आणि त्या अडकण्यालाच सहनशीलता समजत होते.

हीट पंप दिवाळीच्या आधी बसला. मी सगळ्यांच्या आधी, पहाटे आंघोळ उरकायला लागले. अर्धी बादली गरम, अर्धी गार. पाहुणीने करावी तशी. माझ्या बाथरूमला चकचकीत शॉवर लागला होता. मी त्याला हात लावला नाही.

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी बहीण आली, चकलीचा डबा घेऊन. "ह्या वर्षी भाजणी बिघडली. सावकाश खा, दात गेला तर मी जबाबदार नाही." रात्री ती माझ्याच खोलीत झोपली. शॉवर बघून म्हणाली, "मजा आहे बाई तुझी." मी दिवा घालवला.

सकाळी रिवाजाप्रमाणे भावाला तेल-उटणं लावायचं होतं. त्याआधी बाकीच्यांच्या आंघोळी. बहिणीने केली. भावजय न्हाली. भाचा आत गेला आणि नेहमीसारखा विस्मृतीत गेला. मी त्या दिवशी मागे राहिले होते. मुद्दाम राहिले का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण एवढं कबूल करते की मी बादलीत गार पाणी घातलं नाही. गरम नळ पूर्ण सोडला, आणि बादली भरून वाहायला लागली तरी बघत उभी राहिले.

भाऊ मागच्या गॅलरीत स्टुलावर बसला होता. बहीण त्याच्या डोक्यावर तेल थापत होती. "दादा, केस सापडत नाहीत रे. पत्ता सांग."

"गप लाव. ओवाळणी कापीन."

"काप. त्यात तसंही काय असतं?"

मी पाठीला उटणं लावलं. त्याच्या पाठीवर लहानपणचा पडल्याचा व्रण अजून आहे. मग तो बाथरूममध्ये गेला आणि दोन मिनिटांत ओरडला, "अरे, पाणी गार येतंय!"

"बाबा, टाकी संपली असेल," भाचा जिन्यातून म्हणाला. "दोन तास थांबा."

"दोन तास? उटणं फासलंय मला!"

भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. "लावा त्या माणसाला फोन. एवढे पैसे मोजून सणाच्या दिवशी गार पाणी? फसवलं त्याने."

"त्याने फसवलं नाही," मी म्हणाले. "त्याने विचारलं होतं. चार माणसांची टाकी आहे. घरात आज पाच आहेत."

भाऊ दार उघडून बाहेर आला होता. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मग तिने खाली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालून मोठं पातेलं काढलं, पाण्याने भरलं आणि गॅसवर चढवलं. "या, दादासाहेब. बसा इथे. जुन्या पद्धतीने न्हाऊ घालते."

तो येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला, पंचा गुंडाळून, अंगावर उटणं सुकत चाललेलं. भावजय फोन घेऊन हॉलमध्ये गेली. आम्ही तिघं उरलो आणि पातेलं.

"मी कुठे जाणार आहे रे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझ्या बाथरूमला शॉवर बसला. सुतार डबल बेडसाठी माप घेऊन गेला. मी कुठे जाणार आहे?"

"ताई, आज? भाऊबीजेला?"

"आज तुला उठून जाता येणार नाही म्हणून."

बहिणीला हसू फुटलं, ते तिने पदरात दाबलं. भाऊ हसला नाही. हाताला लागलेलं उटणं चोळून काढत म्हणाला, "तुझ्यासाठीच बघतोय. वर्तकनगरला. वन रूम किचन. तुला कोलशेत जवळ पडेल, ओळखीचा एरिया आहे. भाडं मी भरीन."

"वर्तकनगरचंच घर विकलं ना आपण?"

त्याने पंच्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "परिस्थिती बदलते, ताई. दिला होता शब्द, नाही म्हणत नाही. पण नवीन मुलगी येणार. त्यांना काय हॉलमध्ये झोपवू?"

"पुढच्या खोलीत झोपतो तो आता."

"ती लहान आहे. कपाटही मावत नाही."

"मला विचारलं असतंस तर मीच दिली असती माझी."

"म्हणूनच नाही विचारलं." आता त्याचा आवाज चढला. "तू दिली असतीस आणि मग जन्मभर एक अक्षर बोलली नसतीस. ते कोण सोसणार? तुझं ते न बोलणं घरात कसं वाटतं, तुला माहितेय? आणि त्या दिवशी तूच म्हणालीस त्या माणसाला, पाहुणी. मला वाटलं, चला, हिला कळलं. हिने मान्य केलं. सुटलो."

सुटलो, हा शब्द मला लागला. त्याच्या बाकी सगळ्या बोलण्याहून जास्त. कारण तो खरं बोलत होता. माझ्या दोन शब्दांनी त्याची खरोखर सुटका झाली होती, आणि त्या रात्री त्याला चांगली झोप लागली असणार.

"ते खोटं होतं," मी म्हणाले. "मी पाहुणी नाही. मला ही खोली हवी होती. अजून हवी आहे. आणि तू मला फसवलंस." एवढं बोलायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. बोलले आणि फ्रिजला टेकले. मग बहिणीकडे वळले, कारण आता थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. "आणि मी तुला फसवलं. ह्याने लेखी काही दिलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

"कसलं लेखी?" भाऊ म्हणाला.

बहिणीने पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "माहीत होतं मला," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"नव्हतं लेखी ते. तू खोटं बोलतेस तेव्हा कानाची पाळी ओढतेस. तेव्हा तर ओढून ओढून लाल केली होतीस."

"मग सही का केलीस?"

"तू कधी काही मागितलंयस का, ताई? पहिल्यांदा मागत होतीस. खोटं बोलून मागत होतीस, पण मागत होतीस." तिने गॅस बारीक केला. "पण मी काही देवी नाही हां. ह्यांची नोकरी गेली तेव्हा रोज राग यायचा. तुम्हा दोघांचा. भांडी घासता घासता शिव्या घालायचे. आता आता कमी झालाय." मग भावाकडे न बघता, "दादा, पाणी झालं. बादलीत काढून देते. जा, अंग खाजत असेल."

तो उठला. दाराशी थांबला, काहीतरी म्हणेल असं वाटलं. "साबण संपलाय," म्हणाला आणि गेला.

आम्ही त्याला ओवाळलं. दोघींनी. मी न ओवाळता उठून गेले असते तर हे लिहायला बरं झालं असतं, पण मी ओवाळलं. तो पाटावर ओल्या डोक्याने बसला होता आणि मान वर करत नव्हता. भावजय म्हणाली, "ताई, तुम्हाला जा असं कुणी म्हटलंय का? मनाला लावून घेता तुम्ही." मी ओवाळणीचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं. बोलायचं होतं ते संपलं होतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर, मुहूर्ताच्या आधीच्या रविवारी मी निघाले. वर्तकनगरला नाही. भाड्याच्या घरात, त्याच रस्त्यांवर, भावाने भाडं भरलेल्या खोलीत राहणं मला जमलं नसतं. बहीण म्हणाली, "आमच्याकडे ये. बाहेरच्या खोलीत अडचण होईल, पण होऊ दे." भावाने टेम्पो बोलावला, आईचं कपाट स्वतः धरून जिन्यावरून खाली आणलं. "कधीही ये, ताई. हे घर तुझंच," म्हणाला. त्याला तसं वाटत होतं, म्हणायला काय जात होतं.

लग्नाला गेले. सून चांगली आहे. तिला काही ठाऊक नाही, आणि तिचा त्यात दोषही नाही. त्यानंतर भावाचा एकदाच फोन आला. "ताई, त्या हीट पंपवाल्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? मोठी टाकी बसवता येईल का विचारायचंय. सुनेचे आई-वडील येऊन राहतात अधूनमधून, पाणी पुरत नाही." मी नंबर दिला. आणि सवयीने म्हणाले, "जुनी टाकी परत घेतील का, ते आधी विचार. ते त्यांच्या दरात नसतं."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

आंबिवलीला पाणी रॉडने तापतं. मला रॉडची अजून भीती वाटते, हे बहिणीला माहीत आहे. ती सकाळी माझ्या आधी उठते, बटण बंद करते, पिन काढून खिडकीत ठेवते आणि बाहेरच्या खोलीत येऊन म्हणते, "ताई, पाणी काढलंय. ऊठ, गार होईल."

मी जागीच असते. तरी लगेच उठत नाही. हिच्या हिश्श्याच्या सहीवर मी ज्या खोलीत राहिले ती खोली गेली, आणि आता हिच्याच दोन खोल्यांत माझं कपाट अर्धी भिंत अडवून उभं आहे. हे तिला रोज दिसतं. ती पुन्हा हाक मारते, या वेळी जरा चिडून, "अगं, ऐकतेयस ना? मला पण जायचंय आंघोळीला."

मग मी उठते.